खाकी पाकिटातलं वाण

आमच्या बिल्डिंगला पाणी आलं की मंदाकाकू स्टीलचं ताट वाजवायच्या. त्या तळमजल्यावर राहायच्या आणि टाकीचं झाकण त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होतं, त्यामुळे पाइपातली पहिली घरघर त्यांच्याच कानावर पडायची. मग डाव आणि ताट घेऊन त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या आणि असं काही बडवायच्या की चौथ्या मजल्यावर दुपारची झोप काढणारी माणसंही बादल्या घेऊन उठायची. पंप सुरू व्हायचा, जेमतेम अर्धा तास नळ चालायचे आणि त्या अर्ध्या तासात घराघरांतून भांड्यांचा असा गलका उठायचा की कुणाच्या घरी लग्न निघालंय असं नवख्या माणसाला वाटावं. पाणी एक दिवसाआड यायचं. कधीकधी तीन दिवसांआड. उरलेले दिवस टँकरचे.

आमच्या सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या इमारती तेव्हा कोऱ्या होत्या. भिंतींना डिस्टेंपरचा वास होता, रस्त्यावर खडी होती आणि डांबर पुढच्या महिन्यात पडणार होतं. हा पुढचा महिना किती वर्षं चालला ते मी सांगत नाही. आम्ही परळची एक खोली सोडून इथे दोन खोल्यांच्या वैभवात आलो होतो. घरातल्या घरात स्वतःचा संडास मिळाला याचा बाबांना इतका आनंद झाला होता की त्यात पाणी नसतं ही गोष्ट त्यांनी बराच काळ मनाला लावून घेतली नाही. ते फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होते. सकाळी सातला डबा घेऊन जायचे, संध्याकाळी आले की आधी ड्रमचं झाकण उघडून बघायचे आणि मग चपला काढायचे.

आई रत्नागिरीकडची. घरात पाणी नसलं तरी तिच्या हातचं खाणं थांबलं नाही, कारण कमी भांड्यांत काय होतं याचा तिचा अभ्यास दांडगा होता. कुळथाची पिठी आणि भात, बरोबर भाजलेला सुका बांगडा, एवढ्यावर आमची संध्याकाळ सुखाची जायची. रविवारी घावणे. घावण्यांचा तवा चढला की मला तळमजल्यावर धाडलं जायचं, कारण मंदाकाकूंना पहिले दोन घावणे गरम पोचलेच पाहिजेत असा आईचा दंडक होता. काकूंचे यजमान लवकर गेले होते, मुलगा बोटीवर नोकरीला. काकू आणि आई यांची मैत्री कशी झाली हे दोघींनाही सांगता यायचं नाही. टाकीशी भांडताना झाली असावी. काकू उंच, आवाजाने पहाडी, आणि आई त्यांच्या खांद्याला लागणारी, हळू बोलणारी. पण काकू कुठे जास्त बोलून बसल्या की आई नुसतं ‘मंदा’ म्हणायची आणि काकू गप्प व्हायच्या. त्या बाईला गप्प करणारं जगात दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

माझ्यावर काकूंचे उपकार होते, आणि मला ते ठाऊक होते. बारावीनंतर बाबा म्हणाले, आता टायपिंग कर आणि कुठे चिकट. मला कॉम्प्युटरवर डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर आणि चित्रं मांडायचं काम, शिकायचं होतं. बाबांना वाटत होतं तो काहीतरी पुरुषांचा खेळ आहे. काकू वर आल्या, बाबांसमोर खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “भावजी, पोरगी हुशार आहे. तुमच्या ड्रमात डोकं घालून बसायला तिला ठेवणार काय?” बाबांनी क्लासला नाव घालून दिलं. पुढे जवळच्याच हाटकेशला एका गाळ्यात किरीटभाईंचा छोटा ऑफसेट प्रेस होता, तिथे मला कामही काकूंनीच लावून दिलं. पहिल्या दिवशी माझ्याबरोबर चालत आल्या, किरीटभाईंना आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, “संभालके रखना. हमारी बच्ची है.” मी शरमेने मेले. आज वाटतं, तसं कुणी म्हणायला परत मिळालं नाही.

काकू नगरसेवकपदाला उभ्या राहिल्या त्याची सुरुवात पाण्यापासूनच झाली. त्या साऱ्या वॉर्डातल्या बायकांना घेऊन पालिकेत जाऊन बसायच्या. टँकरवाल्यांशी तर त्यांचा उभा दावा. टँकर अर्धा रिकामा आणला की त्या शिडी लावून स्वतः वर चढून आत बघायच्या, त्या वयात, साडी खोचून. त्या वर्षी आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि लोकच म्हणाले, काकू, उभ्या राहा. कुठल्या पक्षाने तिकीट दिलं नाही. त्या अपक्ष उभ्या राहिल्या. निशाणी मिळाली कपबशी, आणि काकू म्हणाल्या, बरं झालं, चहा पाजायचा खर्च तरी निशाणीतच सुटला.

आता त्या फोटोचं सांगते. निवडणुकीच्या आधीच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. यजमान नाहीत म्हणून काकूंना त्यातून वगळणं आईला कधीच मान्य नव्हतं. आईने वाण म्हणून बायकांना रुमाल द्यायचे ठरवले होते, चांगले किनारीचे, दादरहून आणलेले. पण नुसता रुमाल हातात कसा द्यायचा? बाबांच्या ऑफिसने जागा बदलली होती आणि जुन्या पत्त्याची खाकी पाकिटं रद्दीत निघाली होती. बाबा ती गठ्ठ्याने घरी घेऊन आले होते. आईने प्रत्येक पाकिटात एक रुमाल घातला, वर तिळगुळाची पुडी ठेवली आणि पत्ता छापलेली बाजू खाली करून तबकात रचली. मला ते फार गरीब दिसलं. मी म्हटलं, “आई, रंगीत कागद तरी आण.” ती म्हणाली, “पाकीट फेकणारच आहेत. रुमाल बघ.”

त्या दिवशी सकाळीच काकूंचं टँकरवाल्याच्या बायकोशी वाजलं होतं. ही हिराबाई, इथल्याच गावातली, जुनी शेतीवाडी असलेलं घर, नवऱ्याचे टँकर. आईने तिलाही बोलावलं होतं. काकू फणफणल्या, ती येणार असेल तर मी येत नाही. आई म्हणाली, “मंदा, संक्रांत आहे.” आणि दोघी आल्यावर आईने आपल्या बुद्धीप्रमाणे एक गोष्ट केली. काकूंना वाण द्यायची पाळी आली तेव्हा तबकातलं पाकीट उचलून तिने हिराबाईच्या हातात दिलं आणि म्हणाली, “यांना तुम्ही द्या.” ज्याच्याशी भांडण झालंय त्याच्याशी संक्रांतीला गोड बोलायचं, एवढाच तिचा हिशेब. हिराबाई आधी लाजली, मग हसली. काकूंनाही हसू आवरलं नाही. बाबांच्या पुतण्याने नेमका तेव्हाच कॅमेरा दाबला. फोटो सुरेख आला. पुढे हिराबाई काकूंच्या हातात खाकी पाकीट देतेय, दोघी एकमेकींकडे बघून हसताहेत, मागे आमचं शोकेस, तबक घेतलेली आई आणि सातआठ बायका, प्रत्येकीच्या हातात तसंच खाकी पाकीट. आईने तो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला.

निवडणूक जवळ आली तसा किरीटभाईंचा गाळा गजबजला. सगळ्याच उमेदवारांची कामं येत होती. शाईचा आणि रॉकेलचा वास, मशीनचा खटक-खटक आवाज, आणि पंख्याखाली मी, कॉम्प्युटरवर कुणाचा तरी हात जोडलेला फोटो सरळ करत बसलेली. एक दिवस किरीटभाई म्हणाले, “तेरे बिल्डिंग की वो काकी खड़ी है ना? उनका कोई अच्छा फोटो है? हसता हुआ?” मला वाटलं काकूंचं काम आपल्याकडे आलं. दुसरं काही मनात येण्याइतकी मी शहाणी नव्हते. काकूंना अचानक छापलेलं सुंदर पत्रक दाखवून थक्क करायचं असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी आईला न सांगता अल्बममधून तो फोटो काढला आणि पर्समध्ये घालून नेला.

गाळ्यात एक माणूस बसला होता, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर. किरीटभाईंनी त्याला फोटो दिला. त्याने बराच वेळ बघितला, मग दोन बोटांची चौकट करून हिराबाई आणि काकूंभोवती धरली. “एवढंच ठेवायचं. मागचं सगळं काढा. आणि पाकीट स्पष्ट दिसू द्या.” मी तेव्हाही विचारलं नाही. स्कॅनरचा उजेड फोटोवरून हळूहळू सरकत गेला, पडद्यावर आमची संक्रांत उमटली आणि मी मागच्या बायका कापल्या. तबक कापलं. आईचा खांदा राहिला होता, तोही कापला. मग किरीटभाईंनी टाइप करायचा मजकूर कागदावर दिला. वर मोठ्या अक्षरांत: ‘टँकरवाल्याच्या घरातून मंदाताईंच्या हातात काय गेलं?’ आणि खाली: ‘पाणी का येत नाही, आता कळलं?’

मी कागद खाली ठेवला. मी म्हटलं, “पण हे वाण आहे. त्यात रुमाल आहे. आमच्या घरचा फोटो आहे हा.”

तो माणूस रागावला नाही. अगदी समजुतीने म्हणाला, “अहो ताई, रुमाल असेल तर लोकांना कळेलच ना रुमाल आहे ते. आपण काय म्हटलंय? विचारलंय फक्त.”

किरीटभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, “सवाल है बेटा. सवाल पूछने में झूठ क्या?”

मी ते केलं. नाही म्हणून उठून गेले असते तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, बाबा बोलले असते, एवढंच. पण मी उठले नाही. आणि याहून वाईट गोष्ट मला सांगायचीच आहे, नाहीतर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. पाकीट फोटोत जरा अंधुक होतं. मी ते उजळ केलं. कडा ठळक केल्या, काकूंच्या बोटांची सावली काढली, म्हणजे ते नोटांनी फुगल्यासारखं दिसायला लागलं. कुणी सांगितलं नव्हतं. हाताला कसब होतं आणि हाताला ते दाखवायचं होतं. त्या माणसाने पडद्यावर बघून “वा” म्हटलं, आणि घाबरलेल्या अवस्थेतही मला ते ‘वा’ आवडलं. किरीटभाईंनी मूळ फोटो बटर पेपरात गुंडाळून जपून परत दिला. घरी गेल्यावर तो अल्बममध्ये लावायला मी धजले नाही. पर्समध्येच ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पत्रक पेपरात घालून घरोघर आलं. बाबांनी पेपर झटकला तसं ते खाली पडलं. आईने उचललं आणि आधी चक्क हसली. “अहो, ही तर आपली संक्रांत.” मग वरची ओळ वाचली. मग खालची. तिने पत्रक ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेली. मी चहाच्या कपात बघत बसले. कपाटाचं दार वाजलं, अल्बमची पानं उलटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन ती बाबांना म्हणाली, “तो फोटो अल्बममध्ये नाहीये. कुणाला तरी बघायला दिला असेन मी.” माझ्याकडे तिने बघितलं नाही. मला हायसं वाटलं. कसली मुलगी होते मी, की मला हायसं वाटलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगावर येतात. आई आणि बिल्डिंगच्या बायका दारोदार फिरून सांगायच्या की ते हळदीकुंकवाचं वाण होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि हसायचे. खाकी पाकिटात वाण? त्यांचंही काय चुकलं? खरं ते इतकं विचित्र होतं की पत्रकापुढे तेच बनावट वाटत होतं. आजूबाजूच्या सोसायट्यांना आमच्या बाबांच्या ऑफिसची रद्दी कशी समजणार? ज्या कुणाला आईने पाकिटांची हकिगत सांगितली तो म्हणायचा, “वहिनी, तुम्ही भोळ्या आहात.” आईला आयुष्यात इतक्या वेळा भोळी कुणी म्हटलं नसेल.

हिराबाई एका संध्याकाळी तणतणत आमच्याकडे आली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही. “माजा फोटू गावभर वाटलाय. मी काय केलाय ओ? तुमीच हातान पाकीट दिलाव ना माज्या? मना काय ठाव न्हाय त्यातला.” आई तिचे हात धरून नुसतं “माझं चुकलं, माझं चुकलं” म्हणत राहिली. त्या खोलीत चुकलं एकाच माणसाचं होतं आणि तो माणूस कणिक मळत उभा होता.

आणि काकू? काकूंनी पहिले दोन दिवस आवाज चढवून बघितला. चौकात उभ्या राहून म्हणाल्या, पुरावा आणा. पण तिसऱ्या दिवशी पाणी आलं, त्यांनी ताट वाजवलं, सगळे बादल्या घेऊन टाकीशी जमले, आणि मागच्या विंगमधला एक माणूस, ज्याच्या आजारी आईसाठी काकूंनी कितीदा कळशी वर पोचवली होती, तो हसत म्हणाला, “काकू, आज पाणी पण पाकिटातून आलं का?” चारपाच जण हसले. वाईट हेतूने नाही, हसायचं म्हणून हसले. ज्या बाईला मी आयुष्यात उत्तराशिवाय बघितलं नव्हतं, ती ताट पोटाशी धरून घरात निघून गेली. मी जिन्यावरून बघितलं. त्या वेळी मला जे झालं ते मला आज लिहून सांगता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले नाही.

आजकाल माझ्या फोनवर दिवसाला दहा तरी असली चित्रं येतात. कुणाचं अर्धं वाक्य, कुणाचा अर्धा व्हिडिओ, वर बाण काढलेले, खाली प्रश्नचिन्ह. सध्या आमच्याकडे पुन्हा निवडणुकीची हवा आहे, त्यामुळे पूर आलाय. सोसायटीच्या ग्रुपवर लोक ती पुढे ढकलतात आणि खाली हात जोडल्याची खूण टाकतात. मी प्रत्येक चित्राच्या कडा बघते. तिथे कुणाचा खांदा कापलाय, कुणाचं बोट राहिलंय. मुलगी म्हणते, आई, तू फार शंका घेतेस. तिला काय सांगू.

तर त्या निवडणुकीत मतदानाला दोन दिवस उरले होते. दुपारचे तीन वाजले असतील. आई पत्रकं घेऊन नया नगरच्या बाजूला जाते म्हणून बाहेर पडली होती. मी पर्समधून फोटो काढला आणि तळमजल्यावर गेले. बेल वाजवल्यावर काकूंनी दार उघडायला वेळ लावला. पुढच्या खोलीत खाटेवर पत्रकांचे गठ्ठे होते, कपबशीचे. बाजूला निवडायला घेतलेली मेथी. मी उभ्या उभ्याच फोटो त्यांच्यापुढे धरला.

“काकू, हा मी दिला त्यांना.”

त्यांनी पदराने हात कोरडे केले, फोटो घेतला, चष्मा लावला. मग म्हणाल्या, “केवढी जाड दिसतेय मी ह्यात.”

“मला वाटलं तुमचंच काम आलंय. मग कळलं. पण कळल्यावरसुद्धा मी केलं, काकू. मागच्या बायका मीच कापल्या. पाकीट मीच उजळ केलं.”

“हं. कुणीतरी शिकलेल्यानेच केलंय, एवढं मला कळलं होतं.” त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो मला बरा वाटला. मग त्या खाटेवर बसल्या. “रडू नकोस. रडून आलीस तर मी काय करायचं? आईला बोललीस?”

“नाही.”

मी घाईघाईने सांगायला लागले की हा पूर्ण फोटो छापू या, सगळ्यांच्या हातात पाकिटं दिसताहेत, हाटकेशला दुसरे प्रेस आहेत, उद्या सकाळच्या पेपरात घालून घरोघर जाईल. एका फोटोत सगळं फिटेल. मी ते आधीच मनात मांडून ठेवलं होतं, अगदी वरची ओळसुद्धा.

“आणि लोक विचारतील, तुमच्या घरातला फोटो त्यांच्याकडे गेला कसा?”

“माझं नाव सांगा.”

“तुझं नाव सांगितलं की मग काय होईल, ठाऊक आहे? पाकिटाचं कुणी बोलणार नाही. तुझंच बोलतील. प्रेसवाला राहील बाजूला, तो माणूस राहील बाजूला, नि सगळे मिळून तुला धरतील. आणि तुझ्या आईला. ती बिचारी दारोदार फिरतेय माझ्यासाठी.”

“धरू दे.”

“वीस वर्षांची आहेस तू. तुझं सगळं व्हायचंय अजून. मी निवडून आले काय, नाही आले काय, पाणी आलं की ताटच वाजवणार.” त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. “होता तिथे लाव.”

मी हट्ट केला. पण एकदाच केला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की काकूंनी नको म्हटलं म्हणून मी गप्प बसले. खरं असं की त्यांनी नको म्हटल्यावर माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी स्वतः चौकात जाऊन उभी राहू शकले असते. तो फोटो माझ्याच हातात होता. काकूंचं ऐकणं मला परवडणारं होतं, म्हणून मी ऐकलं.

घरी येऊन मी फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला. थोड्या वेळाने आई आली. पाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि म्हणाली, घावणे करते, पीठ आहे भिजवलेलं. रविवार नव्हता. मी दोन खाऊन उठले तर तिने तिसरा वाढला. बोलली काहीच नाही. मला वाटलं, प्रचाराने दमलीय.

काकू हरल्या. फार फरकाने नाही, पण हरल्या. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि ताट वाजलं, नेहमीपेक्षा जोरात. महिन्याभराने मी किरीटभाईंचं काम सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही. पुढे मी एका शाळेच्या कचेरीत लागले, लग्न झालं, इथेच, दोन गल्ल्या पलीकडे. पाणीही यथावकाश आलं, दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाची पाटी लागून. फोटोबद्दल आई आणि मी उभ्या जन्मात एक शब्द बोललो नाही. पत्रक निघालं तेव्हा तो अल्बममध्ये नव्हता आणि नंतर होता, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नाही, अशी मी समजूत करून घेतली. आईला जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी तिच्या उशाशी असायचे, तेव्हा कितीदा ओठांवर आलं. पण तिला कशाला त्रास, असं म्हणून प्रत्येक वेळी मी स्वतःचाच त्रास वाचवला.

हे एवढं लिहून झाल्यावर मी काकूंकडे गेले. त्यांनी ऐंशी ओलांडलीय, डोळ्यांनी कमी दिसतं, आवाज मात्र आहे तसाच. त्यांच्याबद्दल लिहिलंय तर त्यांना विचारल्याशिवाय कसं ठेवायचं, म्हणून वही घेऊन गेले आणि सगळं वाचून दाखवलं. मध्येमध्ये त्या दुरुस्त्या सांगत होत्या. भावजींचा पुतण्या नव्हता तो, भाचा होता. शिडी मी कधी लावली नाही, शिडी टँकरलाच असते. शेवटी मी वही मिटली तर म्हणाल्या, “पसरट लिहितेस तू. आणि एक चूक आहे.”

“कुठली?”

“तू माझ्याकडे आलीस त्या दुपारी तुझी आई नया नगरला गेली असं लिहिलंयस.”

“मला तसंच सांगून गेली होती.”

“माझ्याकडे होती ती. तू बेल वाजवलीस, मी झरोक्यातून बघितलं, तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली.” काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. “अल्बम लावलेला कुणी? तिनेच ना? पहिल्याच दिवशी तिला कळलं होतं, फोटो कुणी काढला असेल ते. रोज दुपारी येऊन बसायची माझ्याकडे. मी म्हणायचे, विचारून टाक पोरीला. तर म्हणायची, मी विचारलं तर ती हो म्हणेल, त्यात काय आहे.”

मी विचारलं, “सगळं ऐकलं तिने?”

“सगळं. ते पाकीट उजळ केल्याचं पण ऐकलं.”

“मग मला कधी बोलली का नाही, काकू? इतकी वर्षं?”

“काय बोलायचं होतं? तिला हवं होतं ते मिळालं ना.” काकूंनी हात लांब करून चाचपत माझं मनगट धरलं. “तू गेलीस, दार लावलं, तशी ती बाहेर आली. मला वाटलं आता तुला चार शिव्या घालेल, नाहीतर माझ्या पाया पडेल. तर माझे दोन्ही हात धरून रडायलाच लागली. म्हणते, ‘आली गं मंदा. आपणहून आली.’”